३६५ की ३६४? परदेशात गुन्हा शाबीत झाल्यावर डिपोर्टेशन कसं येतं आणि कुठे काय करायचं

अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणारा एक माणूस दुकानातून वस्तू उचलताना पकडला जातो. पहिलाच गुन्हा. वकील सांगतो, कबूल करून मोकळे व्हा, आत जावं लागणार नाही. न्यायाधीश ३६५ दिवसांची शिक्षा सुनावतात आणि त्याच दमात ती सगळी स्थगित करतात. थोडा दंड, काही महिने प्रोबेशन. रात्री तो घरी जेवायला असतो. काही वर्षांनी कार्डाच्या नूतनीकरणासाठी बोटांचे ठसे द्यायला जातो आणि घरी नोटीस येते: तुम्हाला देशाबाहेर का काढू नये?

तिथल्या इमिग्रेशन कायद्यात चोरीच्या गुन्ह्याला वर्षभराची किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की तो 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी' (म्हणजे देशाबाहेर काढण्याइतका गंभीर गुन्हा) ठरतो, आणि शिक्षा मोजताना स्थगित केलेले दिवसही धरतात. गुन्हा ना फार गंभीर असायला लागतो, ना फेलनी (तिथल्या फौजदारी कायद्यातला मोठा गुन्हा). नाव नुसतं नाव आहे. न्यायाधीशांनी ३६४ दिवस म्हटलं असतं तर हे कलम लागलंच नसतं. हा एक दिवस इतका महाग पडतो की वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये, कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये एक वर्षाच्या कमाल शिक्षेचे किरकोळ गुन्हे ३६४ दिवसांवर आणून ठेवले.

देशाबाहेर काढायचा हुकूम इमिग्रेशन खात्याकडून किंवा त्यांच्या कोर्टातून येतो. ठरतो मात्र बहुतेक वेळा फौजदारी कोर्टात, गुन्हा कबूल केला त्या दिवशी. हे एवढं लक्षात ठेवलं तरी खालच्या पायऱ्यांचा क्रम आपोआप पटेल.

मी वकील नाही. कोर्टाची भाषा न कळणाऱ्या कुटुंबांना ही कागदपत्रं वाचून दाखवण्याचं काम बरीच वर्षं केलंय. लोक जे शेवटी करतात ते आधी करायला हवं होतं, हे इतक्या वेळा पाहिलं की लिहून ठेवावंसं वाटलं. वकील तर लागणारच, पण त्याला काय विचारायचं आणि त्याच्यापुढे कुठले कागद ठेवायचे, हे घरच्यांनाच कळावं लागतं.

शब्दाचाही घोळ आहे. मराठीत 'तडीपार' किंवा 'हद्दपार' म्हटलं की पोलिसांनी कुणाला जिल्ह्याबाहेर घालवलंय असं वाटतं. मुदत संपली की तो परत येतो. डिपोर्टेशन तसं नाही. शिक्षा भोगून संपली तरी ते होतं, कारण कायद्याच्या लेखी ती शिक्षाच नव्हे, राहण्याचा परवाना काढून घेणं आहे. 'एका गुन्ह्याची दोनदा शिक्षा कशी?' हा प्रश्न माणूस म्हणून रास्त आहे. कोर्टात तो चालत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

पायरी १: आधी माणूस खरोखर परदेशी नागरिक आहे का ते बघा

हे वाचून हसू येईल, पण इथेच काही प्रकरणं संपतात. नागरिकाला डिपोर्ट करता येत नाही. ग्रीन कार्ड, कॅनडाचं पीआर (कायम राहण्याचा परवाना), ब्रिटनचं इन्डेफिनिट लीव्ह (बेमुदत राहण्याची परवानगी) ही नागरिकत्वं नव्हेत, मग तिथे तीस वर्षं राहिलेले असा, घर घेतलेलं असो, मुलं तिथेच शिकलेली असोत.

उलट काही जण नागरिक असतात आणि त्यांना पत्ताच नसतो. अमेरिकेत २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, १८ वर्षांखालचं मूल ग्रीन कार्डावर असेल, नागरिक असलेल्या आई किंवा बापाच्या ताब्यात आणि त्यांच्याजवळ राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होतं. अर्ज नाही, शपथ नाही. मुलाचं ग्रीन कार्ड तसंच खिशात राहतं आणि पुढे पंचविशीत पकडला गेला की स्वतःच 'मी परदेशी' असं लिहून देतो. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पूर्वी जन्मलेले जवळपास सगळे जन्माने नागरिक; त्यानंतरच्यांसाठी जन्माच्या वेळी आई-वडिलांचा दर्जा काय होता ते बघावं लागतं. आई-वडिलांची नागरिकत्वाची प्रमाणपत्रं, त्यावरच्या तारखा आणि मुलाची जन्मतारीख एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. दहा मिनिटांचं काम आहे.

पायरी २: गुन्हा कबूल करण्याआधी थांबा

सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घेणार, कारण वाचवण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच असतं.

फौजदारी वकिलाचं लक्ष्य असतं अशिलाला कमीत कमी दिवस आत ठेवणं. ते चांगलंच आहे, पण परदेशी माणसासाठी अपुरं. कधी कधी तर उलटं: दोन महिने प्रत्यक्ष तुरुंगात काढणं परवडतं, वर्षाची स्थगित शिक्षा परवडत नाही. हे घरच्यांना पटवणं फार अवघड जातं. तुरुंग समोर दिसतो, नोटीस अजून आलेली नसते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात हेच पाहिलं. चाळीस वर्षांहून जास्त काळ कायदेशीर राहिलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्यात असलेला हा ट्रकचालक. ट्रकमध्ये गांजा सापडला. वकिलाने सांगितलं, इतकी वर्षं राहिलाय, इमिग्रेशनची काळजी नको. त्या सल्ल्यावर गुन्हा कबूल झाला आणि डिपोर्टेशन जवळजवळ अटळ झालं. न्यायालयाने ठरवलं की कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. तेव्हापासून तिथल्या वकिलाला 'तो माझा विषय नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. तुम्हीही त्याला तसं म्हणू देऊ नका.

कबुलीच्या आधी वकिलाकडून चार गोष्टींची उत्तरं लेखी घ्या, ईमेलवर घेतली तरी चालेल. नेमकं कुठलं कलम, पोटकलमासकट? त्या कलमाखाली कायद्याने कमाल शिक्षा किती? मला प्रत्यक्ष किती मिळणार, स्थगित धरून? आणि रेकॉर्डवर नेमकं काय वाचलं जाणार? चौथा प्रश्न लोक विचारतच नाहीत.

तो का महत्त्वाचा? कॅन्सासमधल्या एका प्रकरणात माणसाकडे चार गोळ्या सापडल्या, मोज्यात लपवलेल्या. त्याने अमली पदार्थाचं 'साहित्य' बाळगल्याचा किरकोळ गुन्हा कबूल केला. साहित्य म्हणजे तो मोजा. आरोपात अमली पदार्थाचं नाव घातलेलंच नव्हतं, आणि कॅन्सासच्या यादीत असे काही पदार्थ होते जे केंद्राच्या यादीत नव्हते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, अशा कबुलीवर डिपोर्ट करता येत नाही. गोळीचं नाव तेवढं रेकॉर्डवर घेतलं गेलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. म्हणजे न्यायाधीशांपुढे उभं राहून 'हो, ती अमुक गोळी होती' असं आपणहून सांगण्याचा प्रामाणिकपणा कधी कधी आयुष्यभर महागात पडतो. अर्थात ही पळवाट दोन्ही बाजूंनी कापते. २०२१ च्या परेडा खटल्यानंतर, डिपोर्टेशनमधून सवलत मागणाऱ्याचाच रेकॉर्ड संदिग्ध असेल तर ती संदिग्धता त्याच्या विरोधात जाते. म्हणून फौजदारी वकील आणि इमिग्रेशन वकील यांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. दोघांची फी गेली तरी चालेल. त्या अर्ध्या तासाइतकं उपयोगी पुढे काहीच नसतं.

पायरी ३: आपल्या देशाचा आकडा शोधा

प्रत्येक देशाच्या कायद्यात एक रेघ असते आणि ती बहुतेक वेळा आकड्यात असते.

ब्रिटनमध्ये २००७ च्या यूके बॉर्डर्स अ‍ॅक्टनुसार किमान १२ महिन्यांची कैद झाली की गृहखात्याने डिपोर्टेशनचा हुकूम काढलाच पाहिजे. अपवाद तुम्ही सिद्ध करायचे. शिक्षा चार वर्षं किंवा जास्त असली की ते अपवादही पुरत नाहीत, त्याहून 'अत्यंत सबळ' कारण लागतं. आणि १२ महिन्यांच्या आत आहात म्हणून सुटलात असंही नाही, फक्त तिथे खात्याला निवड असते.

ऑस्ट्रेलियात १९५८ च्या मायग्रेशन अ‍ॅक्टचं कलम ५०१. १२ महिने किंवा जास्त कैद म्हणजे 'सबस्टॅन्शियल क्रिमिनल रेकॉर्ड' (गुन्ह्यांची मोठी नोंद), आणि अनेक शिक्षा असतील तर त्या एकाच वेळी भोगल्या तरी बेरीज करून मोजतात. डिसेंबर २०१४ पासून, अशी शिक्षा असून माणूस पूर्णवेळ तुरुंगात असेल तर व्हिसा रद्द करणं सक्तीचं झालं.

कॅनडात दोन रेघा आहेत. पीआर असलेल्या माणसाच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षं किंवा जास्त असेल, किंवा प्रत्यक्ष सहा महिन्यांहून जास्त कैद झाली, तर 'सीरियस क्रिमिनॅलिटी' (गंभीर गुन्हेगारी). आणि शिक्षा सहा महिने किंवा जास्त असेल तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपिलाचा हक्कच जातो. म्हणून तिथले वकील 'सहा महिन्यांना एक दिवस कमी' मागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फाम खटल्यात हे मान्य केलं: तेव्हा रेघ दोन वर्षांची होती आणि कोर्टाने शिक्षेतून नेमका एक दिवस कमी केला. न्यायाधीशाला परिणाम विचारात घेता येतो, मात्र त्यासाठी योग्य शिक्षेची चौकट मोडता येत नाही. मागायला मात्र हवं. न्यायाधीश स्वतःहून विचारत नाहीत.

कॅनडातली दुसरी खाच दारू पिऊन गाडी चालवण्याची. १८ डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षं झाली. प्रत्यक्षात नुसता दंड झाला तरी पीआरवाला रेघेच्या पलीकडे जातो. विद्यार्थी किंवा वर्क परमिटवाल्यांसाठी रेघ आणखी खाली आहे.

अमेरिकेत एक आकडा नाही, जाळं आहे. अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी, अमली पदार्थ, घरगुती हिंसाचार, बंदूक आणि 'नैतिक अधःपतनाचे गुन्हे' (चोरी, फसवणूक यांसारखे) असे वेगवेगळे गट आहेत. शेवटच्या गटात, अमेरिकेत दाखल झाल्यापासून पाच वर्षांच्या आतला एक गुन्हा, ज्याला वर्षाची शिक्षा होऊ शकली असती, किंवा केव्हाही दोन वेगवेगळे गुन्हे पुरतात. अमली पदार्थांत स्वतःपुरता, ३० ग्रॅम किंवा कमी गांजा बाळगण्याचा एकच गुन्हा माफ आहे. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी नाही, हे विसरू नका. दारू पिऊन गाडी चालवण्याचा साधा गुन्हा तिथे ग्रीन कार्डवाल्याला सहसा डिपोर्टेशनमध्ये नेत नाही. व्हिसावर असलेल्यांचा व्हिसा मात्र नुसत्या अटकेवरून दूतावास रद्द करू शकतो.

यूएईसारख्या ठिकाणी बऱ्याचदा फौजदारी निकालातच देशाबाहेर काढण्याचा हुकूम असतो. तिथे अपील करताना शिक्षेसोबत त्या हुकमालाही आव्हान द्यायचं राहून जाऊ देऊ नका.

पायरी ४: कागद गोळा करा, तेही शिक्का मारलेले

निकालाची प्रमाणित नक्कल, आरोपपत्र, कबुलीच्या वेळचं लिखित निवेदन, शिक्षा सुनावतानाच्या बोलण्याची कोर्टाची नोंद, प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल. वेबसाइटवरून छापलेला सारांश पुरत नाही. त्यात बऱ्याचदा मूळचा आरोप दिसतो, शेवटी ज्यावर तडजोड झाली तो नाही, आणि खात्याचा अधिकारी तोच धरून बसतो.

शिक्षा सुनावताना न्यायाधीश जे बोलतात ते जपून ठेवा. 'आरोपीचा वाटा दुय्यम होता', 'पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता कमी' अशी दोन वाक्यं पुढे दहा शिफारसपत्रांच्या तोडीची ठरतात, कारण ती ज्याने निवाडा केला त्याची असतात. त्याच पानावर विरुद्ध वाक्यं असतील तर तीही आधी आपण वाचलेली बरी.

पायरी ५: शिक्षा भोगत असताना

सुटकेची तारीख जवळ आली की घरचे गाडी घेऊन दाराशी जातात आणि कळतं की माणूस मागच्या दाराने इमिग्रेशनच्या ताब्यात गेला. अमेरिकेत तुरुंगाला आधीच 'डिटेनर' पाठवलेला असतो: सुटकेनंतर ४८ तासांपर्यंत धरून ठेवा, आम्ही येतो. असा डिटेनर आहे का हे तुरुंगातच विचारता येतं, आणि तारखेच्या कितीतरी आधी विचारायला हवं. तिथे प्रत्येकाला अक्षर 'ए' आणि पुढे आकडे असा एक फाइल क्रमांक असतो. तो आणि जन्मदेश दिला की सरकारी संकेतस्थळावर माणूस कुठल्या केंद्रात आहे ते सापडतं. हा क्रमांक घरच्यांकडे लिहिलेला हवा. तुरुंगातून तो फोनवर विचारून घेणं सोपं नसतं.

आत असताना सही करू नका. 'लवकर सुटाल' म्हणत पुढे केलेला कागद बऱ्याचदा सुनावणीचा हक्क सोडल्याचा असतो. ज्याला खरंच जायचंय त्याने सही करावी, पण वाचून, समजून, आणि त्याने परत येण्यावर किती वर्षांची बंदी येते हे विचारून.

दूतावासाचा प्रश्न इथे येतो. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार, परदेशी माणसाला अटक झाली की 'तुझ्या दूतावासाला कळवण्याचा तुला हक्क आहे' हे त्याला विनाविलंब सांगावं लागतं, आणि त्याने मागितलं तर कळवावं लागतं. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानला याच कलमाच्या भंगासाठी दोषी धरलं, तेव्हा हे कलम आपल्याकडे घरोघरी पोचलं. दूतावास खटला लढत नाही, वकिलाची फी सहसा भरत नाही. तो भेटायला येतो, घरी निरोप देतो, वकिलांची यादी देतो. ज्याला मायदेशात जिवाची भीती आहे आणि जो आश्रय मागणार आहे, त्याने मात्र वकिलाशी बोलल्याशिवाय दूतावासाला कळवायला सांगू नये.

पायरी ६: नोटीस आली, घड्याळ सुरू झालं

पाकीट उघडण्याआधी त्यावर कधी मिळालं ती तारीख लिहा. पाकीट फेकू नका.

ऑस्ट्रेलियात सक्तीने व्हिसा रद्द झाल्यावर तो परत मिळावा म्हणून निवेदन द्यायला २८ दिवस आहेत, आणि पत्र येतं तुरुंगात, घरी नाही. नंतर मंत्र्यांच्या प्रतिनिधीने नकार दिला तर रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे जायला फक्त ९ दिवस. ब्रिटनमध्ये देशात असलेल्याला अपिलाला १४ दिवस. कॅनडात अपिलाचा हक्क शिल्लक असेल तर ३० दिवस, फेडरल कोर्टात जायचं तर १५. अमेरिकेत इमिग्रेशन न्यायाधीशाच्या हुकमाविरुद्ध अपिलाची मुदत हुकमासोबतच्या कागदावर असते, आणि ती मुदत अर्ज पोचण्याची असते, पोस्टात टाकण्याची नव्हे. निवेदन अपुरं असलं तरी मुदतीत एक पान टाका आणि 'पुढचे कागद देत आहोत' असं त्यात लिहा.

अमेरिकी नोटीस एकदा तरी नीट वाचा. तिचे दोन भाग असतात. वर क्रमांक घातलेली विधानं: तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही, तुम्ही अमुक देशाचे, अमुक तारखेला दाखल झालात, अमुक तारखेला अमुक कोर्टात अमुक कलमाखाली दोषी ठरलात. खाली आरोप, म्हणजे इमिग्रेशन कायद्याचं कलम. पहिल्या तारखेला न्यायाधीश प्रत्येक विधानावर विचारतात: मान्य की अमान्य? बहुतेक जण नम्रपणे सगळ्याला 'हो' म्हणून येतात. कायदेशीर दाखल झालेल्या माणसाच्या बाबतीत आरोप सिद्ध करणं सरकारचं काम आहे. 'वकील नेमायला वेळ हवा' एवढंच म्हणून पुढची तारीख घेता येते, आणि ती घ्यावी. सरकारी खर्चाने वकील या कोर्टात सहसा मिळत नाही. पत्ता बदलला तर पाच दिवसांत कोर्टाला कळवायचं. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि तारखेला हजर राहिला नाहीत तर गैरहजेरीतच हुकूम निघतो.

कधी कधी सुनावणी नावालाच असते. कॅनडात २०१८ मध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोज या हॉकी संघाच्या बसला ट्रकची धडक बसून १६ जण गेले. भारतातून आलेल्या, पीआर असलेल्या ट्रकचालकाने सगळे २९ आरोप कबूल केले, आठ वर्षांची शिक्षा झाली. मे २०२४ मध्ये डिपोर्टेशनचा हुकूम निघाला तो थोडक्यात आटोपलेल्या सुनावणीत. हा नागरिक आहे का, आणि गुन्हा गंभीर आहे का, एवढेच दोन प्रश्न तिथे होते. पश्चात्ताप, कुटुंब, चांगली वागणूक हे सगळं दुसऱ्या टेबलावर, वेगळ्या अर्जात मांडायचं असतं. ते टेबल कुठलं, हे वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा.

पायरी ७: राहू द्या, हे कसं सांगायचं

अमेरिकेत पाच वर्षं ग्रीन कार्ड, कुठल्याही कायदेशीर दर्जाने दाखल झाल्यापासून सलग सात वर्षं वास्तव्य, आणि अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी नाही, अशांना हुकूम रद्द करून मागता येतो. गुन्हा केला त्या दिवशी सात वर्षांचं घड्याळ थांबतं; निकालाच्या दिवशी नव्हे. ब्रिटनमध्ये जोडीदारावर किंवा मुलावर होणारा परिणाम 'अवाजवी कठोर' आहे हे दाखवावं लागतं, आणि 'मुलाला वडिलांची आठवण येईल' एवढ्याने ते होत नाही, कारण ते प्रत्येक मुलाचं होतं. मुलाचा आजार, शाळेचा अहवाल, त्याला रोज कोण सांभाळतं, दुसऱ्या पालकाची नोकरीची वेळ: असं ठोस काही लागतं. ऑस्ट्रेलियात समाजाच्या सुरक्षेला सगळ्यात जास्त वजन आहे, म्हणून तिथे पुन्हा गुन्हा होणार नाही याचा पुरावा आधी, कुटुंब नंतर.

आता शिफारसपत्रं. मी वाचलेल्यांपैकी निम्मी नुकसान करणारी होती. 'तो असं काही करूच शकत नाही, त्याला अडकवलंय' हे आईने लिहिणं स्वाभाविक आहे, पण कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसाबद्दल ते वाचणारा अधिकारी एवढाच निष्कर्ष काढतो की या घरात गुन्हा कुणी मान्यच केलेला नाही. चांगलं पत्र साधं असतं. एका भावाने लिहिलं होतं: 'त्याने दारू पिऊन गाडी चालवली आणि एका माणसाचा पाय मोडला, हे मला ठाऊक आहे. त्या दिवसापासून गाडीची किल्ली माझ्याकडे असते. दर मंगळवारी मी त्याला व्यसनमुक्तीच्या बैठकीला सोडतो आणि बाहेर थांबतो.' गुन्ह्याचं नाव, स्वतःची भूमिका, वार आणि काम. पत्र एवढंच हवं. दहा जणांची एकाच मजकुराची पत्रं देऊ नका. तीन वेगवेगळी पुरतात.

मायदेशी छळाची खरी भीती असेल तर १९८४ च्या छळविरोधी कराराचं संरक्षण गुन्ह्यामुळे जात नाही. मात्र ते सिद्ध करणं कठीण, आणि नुसत्या गरिबीवर किंवा बेकारीवर मिळत नाही.

पायरी ८: पुन्हा फौजदारी कोर्टात

मूळ दोषसिद्धीच गेली तर डिपोर्टेशनचा पाया जातो. पण ती कशी गेली याला महत्त्व आहे. अमेरिकेत 'वर्षभर नीट वागलात, केस पुसून टाकली' याला इमिग्रेशन कायदा सहसा विचारत नाही. तिथे १९९६ पासून कबुली अधिक कुठलंही बंधन म्हणजे दोषसिद्धी, मग राज्याच्या कोर्टाने नंतर ती फाइल बंद केली तरी. शिक्षा ३६५ वरून ३६४ करून आणली तरी, २०१९ च्या निर्णयानंतर, मूळ कारवाईत कायदेशीर चूक होती असं कारण हवं. केवळ दया म्हणून केलेला बदल चालत नाही. वकिलाने परिणाम सांगितले नाहीत, दुभाषा दिला नाही, अशा कारणांवर निकाल रद्द होऊ शकतो. कॅलिफोर्नियात तर २०१७ पासून यासाठीच वेगळं कलम आहे, शिक्षा भोगून झालेल्यांनाही ते वापरता येतं. वकिलाचा तो जुना ईमेल इथे कामाला येतो.

ज्यांची प्रकरणं जुनी आहेत आणि आजवर कुणी विचारलं नाही, त्यांनी कार्डाचं नूतनीकरण, नागरिकत्वाचा अर्ज आणि परदेश प्रवास या तीन गोष्टी वकिलाला न विचारता करू नयेत. तिन्हींत बोटांचे ठसे तपासले जातात. लग्नाला म्हणून मायदेशी गेलेली माणसं परत येताना विमानतळावर अडकतात.

पायरी ९: हुकूम निघाला, पण पाठवता येत नाही

पासपोर्ट नसेल तर मायदेशाच्या दूतावासाने प्रवासाचा कागद द्यावा लागतो, आणि तो येईपर्यंत माणूस कोठडीत. १९८३ मध्ये हरदयाल सिंग नावाचा भारतीय घरफोडीची शिक्षा संपवूनही डरहॅमच्या तुरुंगातच होता, कारण त्याचा प्रवासाचा कागद होत नव्हता. इंग्लंडच्या कोर्टाने म्हटलं, ही कोठडी फक्त देशाबाहेर पाठवण्यासाठी आहे, वाजवी काळापुरतीच आहे, आणि सरकारने हातपाय हलवले पाहिजेत. आजही तिथले वकील 'हरदयाल सिंग तत्त्वं' म्हणतात. अमेरिकेत २००१ च्या झादविदास निकालाने अंतिम हुकमानंतरच्या कोठडीसाठी सहा महिन्यांची मोजपट्टी दिली. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, नजीकच्या काळात पाठवणं शक्यच नसेल तर अनिश्चित काळ कोठडी बेकायदा ठरवली. या सगळ्याचा फायदा घ्यायचा तर दूतावासाशी आपण सहकार्य केलं याचा पुरावा हवा. अर्ज भरायला नकार दिला की घड्याळ तुमच्या बाजूने चालत नाही.

पायरी १०: जायचंच ठरलं तर

मुखत्यारपत्र कोठडीत जाण्याआधी करा. आतून नोटरी मिळवणं जिकिरीचं आहे. बँक खात्याला जोडीदाराचं नाव, गाडीचे कागद, भाडेकरार, मुलांचे पासपोर्ट, कराची मागील वर्षांची पत्रकं, पदवीची प्रमाणपत्रं, औषधांची चिठ्ठी आणि निदान महिन्याची औषधं. विमानात बसवताना सोबत फारसं सामान घेऊ देत नाहीत, आणि उड्डाणाची तारीख आधी सांगतीलच असं नाही. म्हणून एक छोटी बॅग आणि कागदांचा संच वकिलाकडे किंवा जवळच्या माणसाकडे तयार ठेवा.

परत येण्याची बंदी देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेत अ‍ॅग्रव्हेटेड फेलनीनंतर कायमची, आणि परवानगीशिवाय परत घुसल्यास २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ब्रिटनमध्ये हुकूम रद्द करून घेईपर्यंत तो चालूच राहतो. कॅनडात डिपोर्टेशननंतर कितीही वर्षं गेली तरी आधी लेखी परवानगी मागावी लागते.

आणि निकालाची ती शिक्का मारलेली नक्कल सोबत न्या. यापुढे कुठल्याही देशाचा व्हिसा मागताना अर्जात विचारतील: तुम्हाला कधी डिपोर्ट केलं होतं का, कधी शिक्षा झाली होती का? उत्तर 'हो' असंच लिहायचं आणि शेजारी ही नक्कल जोडायची. 'नाही' लिहिलेलं सापडलं तर गुन्ह्यापेक्षा ते खोटं जड जातं.